ग्रेडेड चांदीचा डॉलर कधीच उतरत नाही?

अमेरिकेचा मॉर्गन डॉलर, म्हणजे संग्राहक जमवतात ते चांदीचं नाणं, ग्रेडिंग (अवस्था तपासून दर्जा ठरवणं) होऊन सीलबंद प्लास्टिक डबीत आला, की त्याचा भाव फक्त चढतो, हा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो चुकीचा आहे आणि त्यापायी लोकांची पुंजी अडकून पडते, म्हणून हा खुलासा.

1903 साली न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीत पाडलेला डॉलर घ्या. 1918 च्या पिटमन कायद्याखाली 27 कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवले गेले; त्यातच हा संपला, असं संग्राहक धरून चालले होते. कोऱ्या नाण्याचा कॅटलॉगमधला भाव होता 1,500 डॉलर! 1962 च्या अखेरीस सरकारी तिजोरीतून याच नाण्यांच्या पिशव्या निघाल्या आणि भाव 30 डॉलरच्या आसपास आला. चांदी तेवढीच होती, वयही तेवढंच. लोकांना ठाऊक असलेला साठा तेवढा बदलला.

ग्रेडिंग नंतर आलं. नाणी तपासून डबीबंद करणाऱ्या दोन संस्था सुरू झाल्या: पीसीजीएस 1986 मध्ये, एनजीसी 1987 मध्ये. गुंतवणूकदारांचा पैसा ओतला गेला, 1989 मध्ये भाव शिगेला पोहोचले आणि मग जोरात आपटले. एमएस-65 (न वापरलेल्या नाण्यांचा एक वरचा दर्जा, 70 पैकी 65) दर्जाचे साधे मॉर्गनही त्यातून सुटले नाहीत.

डबीवरचा आकडा नाण्याची अवस्था सांगतो, किंमत नाही. त्याच दर्जाची नाणी जसजशी अधिक प्रमाणित होतात, तसतशी दुर्मिळता घटते. अशी किती नाणी प्रमाणित झाली, ती संख्या या संस्था स्वतः जाहीर करतात. खरेदीआधी ती जरूर पाहा. चांदीचा आधार म्हणाल, तर एका नाण्यात जेमतेम 0.77 ट्रॉय औंस, म्हणजे सुमारे 24 ग्रॅम.