ब्राउझर अपडेट झाला की टेस्ट का बंद पडतात?

कोडमध्ये अक्षराचाही बदल नाही, तरी वेबसाइट आपोआप तपासणाऱ्या सगळ्या टेस्ट रात्रीत ‘सेशन नॉट क्रिएटेड’ म्हणत बंद. क्रोम परस्पर अपडेट झाला आणि टेस्टचे हुकूम त्याच्यापर्यंत पोचवणारा प्रोग्रॅम, म्हणजे क्रोमड्रायव्हर, जुनाच राहिला, एवढंच झालेलं असतं. ब्राउझरला हुकूम देणारा भाग लिहायचा कोणी, टेस्टिंग टूलवाल्यांनी की ब्राउझर बनवणाऱ्यांनी, हा वाद मात्र वीस वर्षं जुना आहे.

2004 साली शिकागोमध्ये थॉटवर्क्स कंपनीत जेसन हगिन्स यांनी सेलेनियम या टेस्टिंग टूलची सुरुवात केली, तेव्हा हा भाग वेगळा असा नव्हताच. जावास्क्रिप्ट सगळ्याच ब्राउझरना कळते, मग टेस्टही पानाच्या आतूनच चालवा, असा साधा हिशोब. आड आला सुरक्षेचा नियम: एका साइटच्या स्क्रिप्टला दुसऱ्या साइटच्या पानाला हात लावता येत नाही. पुढे सेलेनियम आरसी या पुढच्या रूपाने मध्ये प्रॉक्सी, म्हणजे मधला सर्व्हर, बसवला. पान आणि स्क्रिप्ट एकाच ठिकाणाहून येतंय अशी ब्राउझरची समजूत घालून दिली. होता जुगाडच, पण बरीच वर्षं चालला.

सायमन स्टुअर्ट यांच्या वेबड्रायव्हर या वेगळ्या टूलने ब्राउझर बाहेरून हाकायची वाट धरली. फायरफॉक्समध्ये एक्स्टेन्शन घालायचं, इंटरनेट एक्सप्लोररशी विंडोजच्या यंत्रणेतून बोलायचं. क्लिक आणि टायपिंग खऱ्या वापराच्या जवळ आलं, पण दर ब्राउझरमागे एक वेगळा ड्रायव्हर सांभाळणं आलं. एक्सप्लोररचा ड्रायव्हर तर भलताच नाजूक. झूम बरोबर 100 टक्के हवा, आणि सिक्युरिटीच्या चारही झोनमध्ये प्रोटेक्टेड मोड एकतर सगळीकडे चालू नाहीतर सगळीकडे बंद. एका झोनची खूण चुकली की टेस्ट सुरूच होत नसे.

2011 मध्ये सेलेनियम 2 मधून दोन्ही प्रकल्प एकत्र आले. बाहेरच्यांनी लिहिलेल्या ड्रायव्हरचा कच्चेपणा ऑगस्ट 2016 मध्ये उघडा पडला. फायरफॉक्स 48 ने डिजिटल सही नसलेली एक्स्टेन्शन नाकारली आणि जुना ड्रायव्हर निकामी झाला. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचा गेकोड्रायव्हर वापरण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. त्याच वर्षी ॲपलने सफारी 10 सोबत स्वतःचा ड्रायव्हर दिला. क्रोमच्या टीमचा आधीपासून होताच. 5 जून 2018 रोजी डब्ल्यू3सी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने वेबड्रायव्हरला मानकाचा दर्जा दिला आणि जबाबदारी ब्राउझरवाल्यांकडे गेली, ती कागदोपत्रीही.

मानकाने हुकूम एकसारखे केले, आवृत्त्यांची जोडी जुळवणं मात्र आपल्याच गळ्यात राहिलं. त्यात 2021 पासून क्रोमची नवी आवृत्ती दर चार आठवड्यांनी यायला लागली. सेलेनियम मॅनेजर, म्हणजे योग्य ड्रायव्हर आपोआप शोधून आणणारी सोय, 2022 च्या अखेरीस आली. आपणहून अपडेट न होणारा ‘क्रोम फॉर टेस्टिंग’ 2023 मध्ये. दोन्ही गोष्टींना उशीरच झाला, असं माझं मत.

मायक्रोसॉफ्टच्या प्लेराइट या टेस्टिंग टूलने 2020 मध्ये ही कटकट मुळातच टाळली. दर आवृत्तीसोबत ठरलेले क्रोमियम (क्रोमचा पाया), फायरफॉक्स आणि वेबकिट (सफारीचं इंजिन) तेच पुरवतात, त्यामुळे जोडी चुकायचा प्रश्नच नाही. फक्त त्यातला वेबकिट म्हणजे लोकांच्या हातातली सफारी नव्हे. मीडिया कोडेकसारख्या (व्हिडिओ-ऑडिओ उलगडणाऱ्या) गोष्टी ऑपरेटिंग सिस्टिमप्रमाणे बदलतात, तेव्हा लिनक्स सर्व्हरवर वेबकिटमध्ये व्हिडिओची टेस्ट पास झाली तरी तोच व्हिडिओ आयफोनवर हाताने चालवून पाहावा लागतो.