टेहळणी ड्रोन : संग्रहालयीन जतन

लष्करी टेहळणीतून निवृत्त झालेली वैमानिकरहित विमाने संग्रहालयात टिकवण्याची पद्धत. भारतात संग्रहालयशास्त्राचे विद्यापीठीय शिक्षण वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून दिले जाते.

संग्रहाचा आरंभ कोठून धरावा, याविषयी एकमत नाही. केटरिंग बग (१९१८) हे उडते अस्त्र होते, तर १९३० च्या दशकातील ब्रिटिश ‘क्वीन बी’ तोफखान्याच्या सरावाचे लक्ष्य. दोन्ही ड्रोनच्या वंशावळीत येतात, टेहळणीच्या नव्हे. १९५५ च्या सुमारास अमेरिकी भूसेनेने लक्ष्यविमानात फिल्मचा कॅमेरा बसवून एसडी-१ तयार केले. काही अभ्यासक पहिलेपणाचा मान त्याला देतात. मात्र विमान पॅराशूटने उतरून फिल्म धुतली जाईपर्यंत काहीच हाती येत नसे. १९७० च्या दशकात इझ्राएलच्या मॅस्टिफ व स्काउट या ड्रोननी चलत्‌चित्र थेट जमिनीवर पोहोचवले. हा टप्पा अधिक निर्णायक दिसतो. कारण तेव्हापासून विमान, नियंत्रणकक्ष, अँटेना आणि प्रक्षेपक (विमान हवेत फेकणारे यंत्र) मिळून एकच यंत्रणा ठरते. संग्रहालयाच्या वाट्याला बहुधा विमानच येते.

भारतीय बनावटीच्या ‘निशांत’ या टेहळणी ड्रोनवरून हे स्पष्ट होते. ट्रकवरील प्रक्षेपकातून ते फेकले जाई व पॅराशूट आणि हवेच्या पिशव्यांवर उतरे. प्रक्षेपक शेजारी नसेल, तर विमानाला चाके का नाहीत, हे प्रेक्षकाला उमगणार नाही. लष्कराला मिळालेली चारही निशांत विमाने २०१५ पर्यंत कोसळली. परदेशात वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाने प्रिडेटर व पायोनियर हे ड्रोन जतन केले आहेत.

धातूच्या विमानाचा पोचा ठोकून काढता येतो. ड्रोनच्या, तंतू आणि इपॉक्सी राळ (घट्ट होणारे कृत्रिम चिकट द्रव्य) यांच्या कवचाचे तसे नाही. उन्हातील अतिनील किरणांनी राळ पिवळी पडते, पृष्ठभाग भुकटीसारखा सुटतो व तंतू उघडे पडतात. ओलावा शिरला की थर विलग होऊ लागतात, त्यामुळे वडोदऱ्याच्या पावसाळ्यासारख्या दमट हवेत विमान उघड्यावर ठेवणे इष्ट नव्हे. केलेली दुरुस्ती पुढे काढून टाकता यावी, हा संग्रहालयशास्त्राचा दंडकही येथे अडचणीचा ठरतो. एकदा घट्ट झालेली इपॉक्सी विरघळत नाही. बडोदा संग्रहालयातील ममी किंवा तैलचित्रे यांसाठी जमलेला अनुभव येथे फारसा उपयोगी पडत नाही.

बॅटऱ्या व इंधन आधीच काढून घ्यावे लागते. गुप्ततेमुळे नाकाखालचा कॅमेऱ्याचा गोळाही बरेचदा काढलेला असतो. त्या जागी नकली गोळा बसवल्यास तसे फलकावर नमूद करावे.