पदवीनंतर प्राथमिक शिक्षक व्हायचंय? डी.एल.एड. प्रवेशापासून नेमणुकीपर्यंतची प्रक्रिया, पात्रता आणि कागदपत्रं

बी.ए., बी.कॉम. किंवा बी.एस्सी. झाल्यावर शिक्षक व्हायचं ठरलं की घरातून, गावातून पहिला सल्ला येतो तो बी.एड. करण्याचा. माध्यमिक शाळेत शिकवायचं असेल तर तो बरोबरच आहे. पण ज्यांना पहिली ते पाचवीच्या वर्गांवर जायचंय, त्यांनी आज हा सल्ला ऐकला तर दोन वर्षं आणि फीचे पैसे भलत्याच दाराशी खर्च होतात. त्या वर्गांसाठी लागते ती डी.एल.एड. ही पदविका, म्हणजे आपण आजही ज्याला सवयीने डी.एड. म्हणतो ती.

हा गोंधळ का झाला, ते समजून घ्या. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने, म्हणजे एनसीटीईने, २८ जून २०१८ च्या अधिसूचनेने बी.एड. झालेल्यांनाही पहिली ते पाचवीसाठी पात्र ठरवलं होतं. नेमणुकीनंतर दोन वर्षांत सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम पूर्ण करायचा, एवढीच अट होती. राजस्थान उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली आणि ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. लहान मुलांना शिकवण्याचं शास्त्र वेगळं आहे, ते डी.एल.एड.मध्ये शिकवलं जातं आणि बी.एड. हा त्याला पर्याय नाही, असा त्या निकालाचा आशय. त्या तारखेआधी नेमणूक झालेल्यांना एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयाने काही संरक्षण दिलं. नव्याने येणाऱ्यांना त्याचा उपयोग नाही. मला स्वतःला हा निकाल योग्य वाटतो. पहिलीतल्या मुलाला अक्षरओळख करून देणं हे नववीला इतिहास शिकवण्यापेक्षा सोपं काम आहे, असं मानणाऱ्याने एकदा पहिलीच्या वर्गात दिवसभर थांबून पाहावं.

प्रवेशाला पदवीचे गुण चालत नाहीत

पदवीधरांची सगळ्यात जास्त अडचण इथे होते. महाराष्ट्रात डी.एल.एड.चा प्रवेश बारावीच्या गुणांवर होतो. खुल्या प्रवर्गासाठी बारावीला किमान ४९.५ टक्के आणि राखीव प्रवर्गांसाठी ४४.५ टक्के, अशी अट असते. कला, वाणिज्य, विज्ञान, कोणतीही शाखा चालते. पण समजा, खुल्या प्रवर्गातल्या मुलीला बारावीला ४७ टक्के पडले आणि पुढे बी.ए.ला तिने प्रथम श्रेणी मिळवली, तरी ती या अटीत बसत नाही. गुणवत्ता यादीतही तुमच्या नावापुढे बारावीचाच आकडा लागतो. म्हणून इतर काही करण्याआधी बारावीचं गुणपत्रक काढा आणि टक्केवारी नीट मोजा.

टक्केवारी बसत असेल तर पदवीधराला या पदविकेचा दुहेरी फायदा आहे. नुसती बारावी आणि डी.एल.एड. असलेला उमेदवार पहिली ते पाचवीपुरता पात्र ठरतो. पदवी आणि डी.एल.एड. दोन्ही असतील तर सहावी ते आठवीचाही रस्ता खुला होतो. मात्र त्यासाठी टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, दुसरा पेपर उत्तीर्ण व्हावा लागतो आणि तुमची पदवी कोणत्या विषयातली आहे, हे पाहिलं जातं. उलट बाजूने, ज्यांचं बी.एड. आधीच झालंय त्यांनी निराश होऊ नये. पन्नास टक्क्यांसह पदवी आणि बी.एड. असेल तर सहावी ते आठवीसाठी तुम्ही दुसरा पेपर देऊ शकता, आणि माध्यमिकचे वर्ग आहेतच.

अर्ज कुठे, कसा

प्रवेशाची केंद्रीय ऑनलाइन प्रक्रिया पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद राबवते. बारावीच्या निकालानंतर जाहिरात येते. परिषदेच्या संकेतस्थळावर नोंदणी, अर्ज, कागदपत्रं अपलोड करणं आणि शुल्क, असा क्रम. मग तुमच्या जिल्ह्याची जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे डाएट, कागदपत्रं तपासते. काही त्रुटी असेल तर अर्ज दुरुस्तीसाठी परत येतो. इथे बरेच जण मार खातात, कारण अर्ज भरून झाला की ते पुन्हा लॉगिन करतच नाहीत. पडताळणी झालेलाच अर्ज गुणवत्ता यादीत येतो, तेव्हा रोज एकदा लॉगिन करून पाहाच.

यादीनंतर विद्यालयांचे विकल्प भरायचे आणि फेरीनिहाय प्रवेश मिळतो. विकल्प भरताना विद्यालयाला एनसीटीईची मान्यता आहे का, अध्यापनाचं माध्यम कोणतं आणि शासकीय की विनाअनुदानित, हे तीन प्रश्न विचारा. फीमधला फरक मोठा असतो. माध्यमाचा विचारही आत्ताच करा, पुढे भरतीत त्याचा संबंध येतो.

कागदपत्रं तशी नेहमीचीच: दहावी आणि बारावीची गुणपत्रकं, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, आधार कार्ड, फोटो आणि सही. आरक्षणाचा लाभ घ्यायचा असेल तर जातीचं प्रमाणपत्र आणि जात वैधता प्रमाणपत्र. विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास, इतर मागास आणि एसईबीसी प्रवर्गाला त्याखेरीज नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र लागतं आणि ते अर्जाच्या वेळी चालू असावं लागतं. आर्थिक दुर्बल घटकाचा दाखलाही त्या-त्या वर्षापुरता असतो. दिव्यांग, माजी सैनिकांचे पाल्य, प्रकल्पग्रस्त, भूकंपग्रस्त यांचे दाखले वेगळे.

यातलं जात वैधता प्रमाणपत्र सगळ्यात जास्त वेळ खातं. जाहिरात आल्यावर धावाधाव करून ते मिळत नाही. जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे अर्ज आधीच करून ठेवा. वडील, काका, आत्या यांच्यापैकी कुणाचं वैधता प्रमाणपत्र असेल तर ते जोडा, काम हलकं होतं.

दुसरी अडचण नावाची. दहावीच्या गुणपत्रकावर नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशा एका क्रमात, आधारवर वेगळ्या क्रमात, आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर इकडेतिकडे. अर्जात दहावीच्या गुणपत्रकाप्रमाणेच नाव भरा आणि आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. लग्न झालेल्या मुलींचा प्रश्न जास्त नाजूक असतो. शिक्षणाचे आणि जातीचे कागद माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने. अशा वेळी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावातील बदलाचं राजपत्र जवळ ठेवा. आणि नॉन-क्रिमिलेअरसाठी आईवडिलांचं उत्पन्न धरलं जातं, नवऱ्याचं नाही. सेतू केंद्रावर कुणी वेगळं सांगितलं तर तहसील कार्यालयात नीट विचारून घ्या.

दोन वर्षं पूर्णवेळ

डी.एल.एड. नोकरी सांभाळून होत नाही. एनसीटीईच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे वर्षाला दोनशे दिवस कामकाज, अध्ययनाला ८० टक्के आणि शाळेतल्या आंतरवासितेला ९० टक्के हजेरी लागते. दोन वर्षांत मिळून वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेत जायचं असतं. पाठाचं टाचण काढायचं, शैक्षणिक साहित्य स्वतः बनवायचं, मार्गदर्शक शिक्षक मागे बसलेले असताना पाठ घ्यायचा. चौथीच्या मुलांना अपूर्णांक शिकवताना भाकरीचे चार तुकडे करून दाखवले, तरी एक मूल विचारतं, ‘पण माझा तुकडा लहान आहे, मग तो पाव कसा?’ समान भाग या कल्पनेशी तुम्ही तिथे पहिल्यांदा खऱ्या अर्थाने भिडता. म्हणून ‘घरबसल्या डी.एड.’ अशा जाहिरातींच्या नादी लागू नका. एनआयओएसचा, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, अठरा महिन्यांचा अभ्यासक्रम त्या वेळी सेवेत असलेल्या अप्रशिक्षित शिक्षकांसाठी होता. नव्या उमेदवारासाठी तो मार्ग नाही. अंतिम परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते.

टीईटी आणि टेट

पदविकेनंतर दोन परीक्षा, आणि दोन्हींचं काम वेगळं.

टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. पहिली ते पाचवीसाठी पेपर एक. १५० प्रश्न, १५० गुण, अडीच तास, चुकीच्या उत्तराला गुणवजावट नाही. बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र, भाषा एक, भाषा दोन, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी ३० गुण. खुल्या प्रवर्गाला ६० टक्के, राखीव प्रवर्गांना ५५ टक्के मिळाले की पात्र. प्रमाणपत्र पूर्वी सात वर्षं चालायचं, २०२१ पासून ते आजीवन वैध आहे. महाराष्ट्रात सीबीएसईची सीटीईटी, म्हणजे केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षा, हीही चालते आणि तिला डी.एल.एड.च्या शेवटच्या वर्षाला असतानाही बसता येतं, म्हणून ती सोडू नका. राज्याची टीईटी परीक्षा परिषद घेते. गुण वाढवून देतो, प्रमाणपत्र मिळवून देतो म्हणणारा कुणी भेटला तर तिथूनच परत फिरा. २०१९ च्या टीईटीतल्या गैरप्रकारानंतर हजारो उमेदवारांची प्रमाणपत्रं रद्द झाली आहेत.

टेट म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. ही संगणकावर होते. २०० प्रश्न, दोन तास, त्यात १२० गुण अभियोग्यतेचे आणि ८० बुद्धिमत्तेचे. हिच्यात उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असं काही नाही, जितके गुण तितकी तुमची जागा वर. निवड याच गुणांवर होते, म्हणून खरी चुरस इथे. वेळेचा हिशेब केलात तर एका प्रश्नाला ३६ सेकंद मिळतात. त्यामुळे घड्याळ लावून सराव केल्याशिवाय या परीक्षेला बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि ती दरवर्षी होत नाही. पहिली डिसेंबर २०१७ मध्ये झाली, पुढची २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, त्यानंतरची मे-जून २०२५ मध्ये. एक संधी हुकली की थांबणं किती लांबू शकतं, ते या तारखांवरूनच दिसतं. टीईटी आधीच हातात असेल तर टेट जाहीर होताच तुम्ही तयार असता.

पवित्र पोर्टल

भरती पवित्र पोर्टलवरून, म्हणजे राज्य शासनाच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळावरून, होते. टेटच्या गुणांसह तिथे स्वप्रमाणपत्र भरायचं: शिक्षण, गुण, माध्यम, प्रवर्ग, समांतर आरक्षण. इथे तुम्ही भराल ते तुमचंच निवेदन धरलं जातं आणि निवड झाल्यावर मूळ कागदांशी ताडून पाहिलं जातं. नॉन-क्रिमिलेअरची तारीख किंवा टक्क्यातला एक दशांश चुकला म्हणून हातची निवड जाऊ शकते. मूळ कागद समोर ठेवून भरा आणि लॉक करण्यापूर्वी घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्या.

जाहिराती आल्या की तुमच्या पात्रतेप्रमाणे पदं दिसतात आणि त्यांचे प्राधान्यक्रम द्यायचे असतात. जिल्हा परिषद आणि महानगरपालिकांची पदं मुलाखतीशिवाय भरली जातात, खासगी संस्थांमध्ये मुलाखत असू शकते. प्राधान्यक्रम भरताना फक्त आपल्या जिल्ह्यापुरता विचार करू नका. एखादं पद यादीत घातलंच नाही, तर गुण असूनही ते तुमच्याकडे येणार नाही. उलट, जिथे काही केल्या जायचं नाही, ते वर ठेवू नका.

वयाची सर्वसाधारण मर्यादा खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि राखीव प्रवर्गांसाठी ४३ वर्षं आहे. पदवीनंतर दोन वर्षं अभ्यासक्रम आणि मग परीक्षांची वाट, हे धरून हिशेब करा. कर्नाटक सीमाभागातल्या ८६५ गावांतले मराठी भाषिक उमेदवारही अर्ज करू शकतात, त्यांना तिथल्या वास्तव्याचा विहित नमुन्यातला दाखला लागतो.

निवड झाली की जिल्हा परिषदेत मूळ कागदपत्रांची पडताळणी होते, लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं आणि समुपदेशनाने शाळा मिळते. पहिली तीन वर्षं तुम्ही शिक्षण सेवक असता आणि नियमित वेतनाऐवजी ठरावीक मानधन मिळतं. हे मानधन बराच काळ महिना ६,००० रुपये होतं, जानेवारी २०२३ पासून प्राथमिकसाठी ते १६,००० झालं. घर सोडून दुसऱ्या जिल्ह्यात खोली घेऊन राहणाऱ्यासाठी ही रक्कम आजही तुटपुंजीच आहे, तेव्हा या तीन वर्षांची तजवीज आधी करून ठेवा. ती समाधानकारक पूर्ण झाली की २९,२०० ते ९२,३०० ही नियमित वेतनश्रेणी लागू होते.