मेंदूतला जागल्या

गेल्या पौषात चोपड्याकडे मामेभाऊ आण्णांच्या मळ्यात चार दिवस मुक्काम होता. त्या आठवड्यात लाइट रात्रीची होती. थ्री फेज बाराला येणार, सकाळी आठला जाणार, म्हणजे गव्हाला पाणी त्याच वेळात भरायचं. आण्णा कानाला मफलर गुंडाळून, डोक्याला बॅटरी बांधून निघायचे. एका वाफ्याचं तोंड फोडायचं, भरला की चिखल ओढून बुजवायचं, पुढचं फोडायचं. मध्येच फ्यूज उडाला की ट्रान्सफॉर्मरच्या डीपीपर्यंत तंगडतोड. फावड्याच्या दांड्यावर हनुवटी टेकून दहा मिनिटं डुलकी मिळाली तर मिळाली. सकाळी साडेआठला आडवे व्हायचे, अकराला कोणीतरी उठवायचंच.

तिसऱ्या दिवशी चहात साखर कमी पडली म्हणून ते मुलावर असे कडाडले की गोठ्यातली म्हैससुद्धा दचकली. मग स्वतःच ओशाळले. मला हळूच म्हणाले, "आंग निजस रे, डोकं निजत नही."

अंग झोपतं, डोकं झोपत नाही. त्याच संध्याकाळी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत होता: पहाटे चारला उठा, मेंदूतलं विष निघून जातं, डिप्रेशन कधीच होणार नाही, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं आहे. आण्णा तर चारच्या आधीपासून उठलेले होते! त्यांचं विष का निघेना? हा लेख त्या मेसेजवरच्या चिडीतून लिहितोय.

पूर्वी गावोगावी जागल्या असे. सगळं गाव निजलं की तो काठी आपटत फिरायचा, जरा खुट्ट झालं की हाळी द्यायचा. आपल्या मेंदूतही असा एक जागल्या आहे. कवटीच्या तळाशी, मेंदूच्या देठात, डाव्या-उजव्या बाजूला एकेक बारीक पुंजका. लांबी जेमतेम दीड सेंटीमीटर, जाडी दोन-अडीच मिलिमीटर. त्यातल्या पेशींत एक रंगद्रव्य साठतं, त्यामुळे तो भाग निळसर दिसतो. म्हणून जुन्या शरीरशास्त्रज्ञांनी त्याला लॅटिनमध्ये 'लोकस सेरूलिअस', म्हणजे 'निळी जागा', असं सरळसोट नाव दिलं. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. त्यातल्या या निळ्या जागेच्या वाट्याला पन्नास हजारांच्या आतबाहेरच. पण त्यांचे धागे जवळजवळ सगळ्या मेंदूभर आणि खाली मज्जारज्जूपर्यंत गेलेले असतात. तालुक्याच्या एका सबस्टेशनवरून गावोगावी तारा जाव्यात तसे. या धाग्यांच्या टोकांतून नॉरअॅड्रेनालिन नावाचं रसायन सुटतं, आणि ते सुटलं की मेंदू सावध होतो. ऊसात काही हललं, फोन वाजला, बँकेतून कोणी आलं, की जागल्याने हाळी दिलीच.

आता खरी गंमत. १९८१ मध्ये अॅस्टन-जोन्स आणि ब्लूम या दोघा शास्त्रज्ञांनी उंदरांच्या या निळ्या जागेत बारीक तारा बसवून तिथल्या पेशी किती वेळा विजेची ठिणगी टाकतात ते मोजलं. उंदीर जागा असताना त्या नेमाने ठिणग्या टाकत होत्या. झोप लागल्यावर मंदावल्या. आणि उंदीर रेम झोपेत गेला की जवळजवळ गप्प! रेम म्हणजे झोपेचा तो टप्पा ज्यात बंद पापण्यांखाली बुबुळं भराभर फिरतात आणि ठळक स्वप्नं पडतात. १९५३ मध्ये शिकागोला अॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी तो जगापुढे मांडला. या टप्प्यात मेंदू विझलेला नसतो, उलट जागेपणासारखाच गजबजलेला असतो. फक्त जागल्या तेवढा काठी बाजूला ठेवून आडवा झालेला असतो. चोवीस तासांत एवढी पूर्ण विश्रांती त्याला दुसरीकडे कुठे मिळत नाही.

यात एवढं काय आहे? इथे थोडं खोलात जावं लागेल, चहा घेऊन बसा.

आठवण म्हणजे चेतापेशींमधल्या सांध्यांची बळकटी. एखादा सांधा वारंवार वापरला गेला, विशेषतः भीती किंवा अपमान सोबत असताना, की तो घट्ट होतो. कारण नॉरअॅड्रेनालिन त्या पेशीच्या बीटा ग्राहकावर (रिसेप्टरवर) बसतं, आत सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या वाढतो, तो एका विकराला (एन्झाइमला) जागं करतो, आणि ते विकर सांध्यातल्या प्रथिनांवर फॉस्फेटचे शिक्के मारत सुटतं. शिक्के बसले की सांधा सैल व्हायला सहजी तयार होत नाही. म्हणजे जोवर आजूबाजूला नॉरअॅड्रेनालिन आहे, तोवर सांधे घट्ट करता येतात, सैल करणं अवघड. कॅलिफोर्नियातल्या झोपेच्या संशोधक जीना पो यांची मांडणी अशी की रेम झोपेत हे रसायन ओसरतं, म्हणूनच तेव्हा काही सांधे सैल करता येतात. दिवसभराचा प्रसंग मेंदू पुन्हा काढतो, पाहतो, पण हाळी देणारं कोणी नसतं. प्रसंग लक्षात राहतो, त्याचा डंख बोथट होतो. झोपेचेच संशोधक मॅथ्यू वॉकर यांनीही भावनांच्या बाबतीत असाच तर्क मांडलेला आहे. (ज्यांचा सायक्लिक एएमपीपाशी हात सुटला त्यांनी डंखापासून पुढे धरावं, काही बिघडत नाही.)

डंख खरोखर बोथट होतो का, हे पाहायला अॅमस्टरडॅमच्या मेंदूविज्ञान संस्थेत एक फर्मास प्रयोग झाला, निष्कर्ष २०१९ मध्ये आले. लोकांना हेडफोन लावून, स्वतःचा आवाज ऐकू येणार नाही अशा बेताने, कॅराओकेवर गाणं म्हणायला लावलं. नंतर स्कॅनरमध्ये झोपवून त्यांना त्यांचाच उघडा, बेसूर आवाज ऐकवला. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) झोक्यावर तुम्ही मोकळ्या गळ्याने म्हटलेली गाणी कोणी चोरून रेकॉर्ड करून भर पंगतीत लावली, तर कसं होईल? तसंच. शरमेने अमिग्डला, म्हणजे मेंदूतला बदामाएवढा धोक्याचा भाग, पेटून उठला. रात्री ते झोपले, आणि तोच आवाज पुन्हा ऐकवला. ज्यांची रेम झोप सलग लागली होती त्यांचा अमिग्डला निवला होता. ज्यांची रेम झोप सारखी तुटत होती त्यांचा निवला नाही. झोपूनही नाही!

त्याआधी २००७ मध्ये वॉकर यांच्याच गटाने तरुणांना सुमारे ३५ तास जागं ठेवून त्रासदायक चित्रं दाखवली. झोपलेल्यांच्या तुलनेत त्यांचा अमिग्डला सुमारे ६० टक्के जास्त भडकला, आणि त्याला आवर घालणाऱ्या कपाळामागच्या भागाशी असलेलं त्याचं नातं ढिलं पडलं. चहातली कमी साखर अशी महाग पडते.

आणि रेम झोप काही रात्रभर सारखी वाटलेली नसते. साधारण नव्वद मिनिटांचा फेरा असतो. पहिल्या फेऱ्यात रेमची दहा-एक मिनिटं, शेवटच्या फेऱ्यांत अर्धा तास किंवा जास्त. शरीराचं घड्याळही तिला पहाटेकडेच ढकलतं. म्हणजे बाराला निजून चारला उठणारा मनुष्य जेवण उरकतो, पण पंगत अर्धी झाल्यावर उठतो. नवाला निजून चारला उठत असाल तर खुशाल उठा, पण मेसेजमध्ये नवाचं नाव नव्हतं. आण्णांची पहाट तर अख्खी बांधावर जाते, आणि दिवसाची झोप घड्याळाच्या विरुद्ध असल्याने तोकडी आणि तुटक लागते. त्यावर थकवा जावा म्हणून कोणी क्वार्टर घेतो. दारूने झोप लवकर लागते हे खरं, पण रात्रीच्या पूर्वार्धातली रेम ती दाबते आणि उत्तरार्ध मोडतोड करून ठेवते. आमच्याकडे मे महिन्यात धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, गोधड्या टाकून निजायची रीत होती तीही शहाणपणाची. रेममध्ये शरीर स्वतःचं तापमान नीट सांभाळत नाही, त्यामुळे उकाड्यात रेम आधी तुटते.

छातीवर कोणी बसलंय, हातपाय हलत नाहीत, ओरडता येत नाही, हा अनुभवही रेमचाच. स्वप्नात आपण धावू नये म्हणून मेंदू स्नायू सैल करून ठेवतो. कधी जाग आधी येते आणि स्नायूंची सुटका मागून होते, एवढंच. रात्रपाळीवाल्यांना हे जास्त होतं. यावर भगताकडे कोंबडं नेणाऱ्यांनी निदान कोंबड्याचा विचार करावा.

आता मेसेजमधल्या 'विष'बद्दल. २०१३ मध्ये मेकेन नेडरगार्ड यांच्या गटाने उंदरांत दाखवलं की झोपेत मेंदूतला द्रव जास्त वाहतो, कचरा धुतला जातो. ते जगभर गाजलं. २०२४ मध्ये लंडनच्या गटाने, उंदरांतच, नेमकं उलटं मोजलं. २०२५ मध्ये नेडरगार्ड यांनी नवा पुरावा आणला, आणि त्यात पुन्हा आपला जागल्याच: रेम नसलेल्या गाढ झोपेत नॉरअॅड्रेनालिनच्या संथ लाटा रक्तवाहिन्या आकसवतात, आणि त्या पंपासारखं काम करतात. झोपेच्या एका प्रचलित गोळीने त्या लाटा दबल्या. हा वाद अजून मिटलेला नाही. 'सिद्ध झालंय' म्हणणाऱ्याला वर्ष विचारावं.

माझ्या लाडक्या जागल्यालाही एक तडाखा बसला आहे. नॉरअॅड्रेनालिन अडवणारं प्राझोसिन हे औषध आघातानंतरच्या दुःस्वप्नांवर चालेल अशी मोठी आशा होती. २०१८ मध्ये अमेरिकी माजी सैनिकांवरच्या मोठ्या चाचणीत ते औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. उलट ऑक्सफर्डच्या फ्रीमन यांनी ब्रिटनच्या २६ विद्यापीठांतल्या ३,७५५ निद्रानाशी विद्यार्थ्यांवर २०१७ मध्ये पाहिलं की नुसती झोपेची सवय सुधारणाऱ्या उपचाराने संशयीपणा आणि भासही कमी झाले. झोप मोडणं हे मन बिघडल्याचं लक्षण तर असतंच, ते कारणांपैकीही एक असतं.

कापसाचा भाव पडला, सोसायटीचं कर्ज थकलं, त्याला झोप हे औषध नाही, आणि तसं सांगणाऱ्याला शेतकऱ्याने दारात उभं करू नये. दोन-दोन आठवडे मन उठत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

आण्णांनी सौर पंपासाठी नाव घातलंय. तोवर मी एकच सुचवलं: खिडकीला बारदान लावायचं, मोबाइल वहिनींकडे द्यायचा, आणि आठ ते एक कोणी हाक मारायची नाही. माघात एकदा अकराच्या सुमारास फोन केला. वहिनींनी उचलला, आवाज दाबून म्हणाल्या, "निजेल शेतस, भाऊ. दुपारले करा."