झुंबा लावला म्हणजे डान्स थेरपी झाली?

पुण्यात व्यसनमुक्ती म्हटलं की मुक्तांगण. १९८६ पासून ते चालू आहे, त्यामुळे औषधं, समुपदेशन, फॉलोअप हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. घोळ होतो तो ‘डान्स मूव्हमेंट थेरपी’पाशी, म्हणजे शरीराच्या हालचालींतून मनावर काम करणाऱ्या उपचारापाशी. ‘म्हणजे झुंबाच ना!’ हे ऐकून कान किटले.

झुंबा तुम्हाला ठाऊक आहे. व्यायाम उत्तम, खुशाल करा. गाणी, कपडे, फी हे फरक किरकोळ. थेरपी तर गाण्याविना, खुर्चीत बसूनही चालते.

खरा प्रश्न, नक्कल कोण कुणाची करतं? क्लासमध्ये तुम्ही सरांची स्टेप उचलता. थेरपीत बरेचदा उलटं असतं. समजा, दारू सुटून महिना झालेला एकजण गोलात मूठ आवळून उभा आहे. थेरपिस्ट त्याला ‘रिलॅक्स व्हा’ म्हणत नाहीत. त्याही तशीच मूठ आवळतात, त्याच्या श्वासाची लय पकडतात. याला मिररिंग म्हणतात. अमेरिकन नर्तिका मेरियन चेस १९४२ पासून वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स हॉस्पिटलात मनोरुग्णांबरोबर अशाच पद्धतीने काम करत होत्या. मग थेरपिस्ट विचारतात, ‘ही मूठ मोठी झाली तर?’ तो हात झटकतो, पाठोपाठ सगळा गोल झटकतो. आणि मग तो बोलतो: संध्याकाळी कामावरून सुटलं की हीच मूठ वळते, पाय आपोआप गुत्त्याकडे वळतात. तलफ अशी आधी अंगात कळली, तर कुणाला तरी फोन करायला वेळ मिळतो. चढलेली तलफ उतरतेही, तेवढा वेळ काढायचा असतो. झुंब्यात ती मूठ गाण्याच्या आवाजात कुणाला दिसतसुद्धा नाही.

त्यात आपल्याकडचे कितीतरी पुरुष नाचलेले असतात ते वरातीत नाही तर विसर्जन मिरवणुकीत, तेही पिऊन. अशा माणसाला डीजेवर नाचवणं म्हणजे तलफेला आवतण. आणि थेरपीच्या शेवटी पाहुण्यांसमोर ‘परफॉर्मन्स’ ठेवणाऱ्यांना तर माझा साष्टांग नमस्कार!

दारू सोडल्यानंतरचे पहिले काही दिवस मात्र यातलं काहीच नको. थरथर, फिट, भास हे डॉक्टरांचं काम आहे, जिवावर बेतू शकतं. पुढेही थेरपी उपचारांच्या जोडीला असते, त्यांच्या जागी नाही. व्यसनावरचे तिचे अभ्यास अजून थोडे आणि लहान आहेत. नाव घालण्याआधी थेरपिस्टना विचारा: प्रशिक्षण कशाचं, नृत्याचं की थेरपीचं? आणि पेशंटच्या समुपदेशकाशी तुमचं बोलणं असतं का?