विधानसभेची मतदार यादी आणि प्रभागाची यादी: नाव नेमकं कुठे नोंदवायचं?

महापालिकेच्या निवडणुकीआधी प्रभागाच्या मतदारांची प्रारूप, म्हणजे कच्ची, यादी जाहीर होते, आपलं नाव त्यात सापडत नाही, मग लोक क्षेत्रीय कार्यालयात नवीन नाव घालायला जातात. तिथे ते नाव घेतलंच जात नाही. कर्मचारी अडवणूक करतात असा समज होतो. खरं तर तोवर नोंदणीची वेळच निघून गेलेली असते.

महाराष्ट्रात मूळ यादी एकच, विधानसभा मतदारसंघाची. ती भारत निवडणूक आयोगाच्या देखरेखीखाली तयार होते आणि मतदार नोंदणी अधिकारी ती सांभाळतो. नवीन नावासाठी नमुना 6, पत्ता बदलला किंवा दुरुस्ती हवी असेल तर नमुना 8, नाव वगळायचं असेल तर नमुना 7. 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर या चार तारखांपैकी ज्या तारखेला 18 वर्षं पूर्ण झालेली असतील, त्या तारखेच्या हिशेबाने नाव लागतं. सतराव्या वर्षानंतर अर्ज आगाऊही भरता येतो. घर बदललेले अनेक जण नमुना 8 ऐवजी पुन्हा नमुना 6 भरतात, आणि दुबार नावांची एक वाट तिथूनच निघते.

प्रभागाची यादी याच मूळ यादीतून कापून काढलेली असते. ती राज्य निवडणूक आयोगाच्या आदेशाने होते. हा आयोग वेगळा, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांपुरता. तो एक तारीख ठरवतो, त्या दिवशीची विधानसभेची यादी घेतो आणि महापालिकेचे कर्मचारी तिची प्रभागांमध्ये विभागणी करतात. म्हणून प्रारूप यादीवरच्या हरकतींना मर्यादा असते: लेखनिकाची चूक, नाव भलत्याच प्रभागात जाणं, किंवा विधानसभेच्या यादीत असूनही इथे सुटणं. मूळ यादीत नसलेलं नाव हरकतीने येत नाही.

पुण्यातल्या ऑगस्ट 2007 मध्ये जन्मलेल्या मुलीचं उदाहरण घ्या. 15 जानेवारी 2026 च्या महापालिका मतदानाच्या दिवशी ती अठरा पूर्ण करून एकोणिसाव्यात चालत होती. पण त्या निवडणुकीसाठी 1 जुलै 2025 ची यादी धरली गेली होती. त्यामुळे ऑक्टोबरच्या हिशेबाने नाव नोंदवूनही तिला नगरसेवक निवडता आला नाही. मला हे मनापासून खटकतं, कारण रस्ता, पाणी, कचरा यांचा निर्णय करणारी निवडणूक तिच्या घराच्या सर्वांत जवळची असते.

गोंधळ वाढतो तो माणसांमुळे. दारात येणारा मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे बीएलओ, बहुतेकदा शिक्षक, अंगणवाडी सेविका किंवा पालिकेचा कर्मचारी असतो. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 29 नुसार मागणी झाल्यास स्थानिक संस्थेला नोंदणीच्या कामासाठी कर्मचारी द्यावेच लागतात. माणूस पालिकेचा, पण त्या वेळी काम करतो ते विधानसभेच्या यादीचं.

माझ्या मते पालिकांची खरी ताकद इथेच आहे आणि ती निवडणुकीच्या तोंडावर वाया जाते. मृत्यूची नोंद त्यांच्याच कार्यालयात होते, मालमत्ता कराचं बिल घरोघरी त्याच पाठवतात. मृत्यूचा दाखला घ्यायला आलेल्या घरच्यांच्या हाती तिथेच नमुना 7 देता येईल, कराच्या बिलावर नोंदणीच्या चारही तारखा छापता येतील, बारावीच्या वर्गांत आणि महाविद्यालयांत जूनमध्येच शिबिरं भरवता येतील. प्रारूप यादी लागल्यावर लावलेल्या फलकांनी नवीन मतदार वाढत नाहीत.

तुमचं नाव आधी विधानसभेच्या यादीत तपासा; 1950 या क्रमांकावर माहिती मिळते. तिथे असेल आणि प्रभाग यादीत नसेल, तर मुदतीत हरकत द्या. दोन्हीकडे नसेल, तर आजच नमुना 6 भरा, म्हणजे पुढची यादी धरली जाईल तेव्हा तुम्ही तिच्यात असाल.