टीटच आलं घोड्यांकडून

घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीत दिवाळी जवळ आली की ग्रुपवर दरवर्षी तेच, फटाक्यांना कुत्रा घाबरतो काय करू, आणि हल्ली त्यावर कोणीतरी हमखास 'टीटच करून बघा' टाकतं. टीटच म्हणजे हळू हाताच्या स्पर्शाने प्राण्याला शांत करायची पद्धत. मलाही वाटलेलं की कुत्र्यांसाठी निघालेलं नवीन फॅड असणार, पण खोदत गेलो तर हे मुळात कुत्र्यांचं नाहीच, घोड्यांचं आहे. (घोडबंदरचं नावही घोड्यांवरूनच पडलं म्हणतात, पण ते जाऊ दे.)

ही पद्धत काढली लिंडा टेलिंग्टन-जोन्स हिने, जन्म १९३७, कॅनडाची, हयात घोड्यांत गेलेली. आजोबा रशियात रेसचे घोडे तयार करायचे आणि तिथल्या जिप्सींकडून मालिश शिकले, हे ती स्वतः सांगते. साठच्या दशकात नवऱ्याबरोबर तिने घोड्यांच्या मालिशवर छोटं पुस्तकही काढलं. पण तोवर ते साधं मालिशच, दमलेलं अंग मोकळं करायचं एवढंच. आपल्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते ना, तसंच. आमचे आजोबा बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळायचे तेव्हा तो मान खाली टाकून डोळे मिटून उभा राहायचा, त्याला कोणी थेरपी म्हटलं नाही.

गोष्ट बदलली १९७५ ला. ती सॅन फ्रान्सिस्कोत मोशे फेल्डनक्राइसकडे शिकायला गेली, आणि तो कोर्स होता माणसांसाठी! हा गडी फिजिक्सवाला, पॅरिसला जोलिओ-क्युरींच्या लॅबमध्ये काम केलेला, वर ज्युदो खेळणारा, गुडघा कामातून गेला म्हणून स्वतःच्याच हालचालींचा अभ्यास करत बसला. त्याचं म्हणणं असं की अंगाला सवय नसलेली हालचाल एकदम हळू, जोर न लावता करवली की मेंदूला फरक कळतो आणि तो नवीन शिकतो. हातात भाजीची जड पिशवी असताना कोणी त्यात एक लिंबू टाकलं तर कळतं का? रिकाम्या तळहातावर ठेवलं की लगेच कळतं. लिंडाने हेच घोड्यांवर लावलं.

मग १९८३ मध्ये एका घोडीवर काम करताना तो प्रसिद्ध गोल आला. कातडीवर घड्याळ आहे असं धरायचं, सहावर बोटं ठेवून अख्खी फेरी मारायची आणि सहा ओलांडून नऊपर्यंत जायचं, म्हणजे सव्वा फेरी. बोटं घासायची नाहीत, खालची कातडीच सरकवायची, दाब आपल्या पापणीला सहन होईल इतकाच, मग हात उचलून दुसरी जागा. या टचना नावं पण कसली, रॅकून, पायथन, क्लाउडेड लेपर्ड. घोड्यांवरून हे पुढे कुत्र्या-मांजरांवर आलं, मग कान मुळापासून टोकापर्यंत हलके ओढणं आणि छातीवरून इलॅस्टिक बँडेजचा सैलसर पट्टा हे पण त्यातच. दाबाने जीव शांत होतो हे टेंपल ग्रँडिन या प्राण्यांच्या अमेरिकन अभ्यासक बाईला शिकंज्यात दाबून धरलेली गुरं बघून सुचलेलं आणि तिने साठच्या दशकात स्वतःसाठी तसं यंत्र केलं, पण तो वेगळा धागा, हल्ली दोन्ही एकत्र सांगतात.

या स्पर्शाने शरीरातल्या पेशींची बुद्धी जागी होते असं लिंडा बोलायला लागते तिथे मी हात जोडतो, तसा भक्कम पुरावा काही नाही. पण तिथून खाली उतरलं तर हळू हात, आणि प्राणी उठून गेला की सोडून देणं, हे मला पटतं, कारण आपल्यातले निम्मे लोक घाबरलेल्या कुत्र्याच्या डोक्यावर थापट्या मारून 'काही नाही काही नाही' करतात.

आमचा भुऱ्या, येऊरच्या रस्त्यावरून उचललेला गावठी. गेल्या वर्षी मेडिकलमधून क्रेप बँडेज आणून बांधलं, खांद्यावर दहा-बारा गोल केले, त्याने एक मोठ्ठी जांभई दिली, मला वाटलं जमलं, तेवढ्यात खाली सुतळी बॉम्ब फुटला आणि तो बँडेजसकट वॉशिंग मशिनच्या मागे. तासाभराने मी तिथेच फरशीवर बसून हात आत घातला, तेव्हा त्याने कान पुढे केला.